वाकळीचं पोट

सोलापूर
कार्तिक वद्य अष्टमी, शके १८४७

चंद्रव्वाअक्का,

वर मायना घातलेला नाही. तीर्थरूप नाही, शिरसाष्टांग नाही. शिवयोगी मास्तर, हे पत्र अक्काला वाचून दाखवताना पदरचा मायना लावू नका. लिहिलंय तेवढंच वाचा आणि टोचेल ते गाळू नका. तुमची गोड बोलायची सवय मला ठाऊक आहे. माझ्या लग्नाची बोलणी तुम्हीच केली होतीत, आणि त्यात सासूबाई 'स्वभावानं मऊ' आहेत असं सांगितलं होतंत.

अक्का, अकरा महिने मी तुला एक अक्षर लिहिलं नाही. तुझ्या दारात उभी राहून चार लोकांसमोर 'माझी पोर हिनं मारली' असं म्हणाले, त्यानंतर लिहिण्यासारखं काय उरलं होतं? तू चौकटीला धरून उभी होतीस. 'व्हय'ही म्हणाली नाहीस, 'न्हाय'ही म्हणाली नाहीस. खरं असतं ते माणूस बोलून दाखवतं. गप्प बसतं ते काहीतरी दाबून ठेवायला, असं मी तेव्हा धरलं आणि आजही धरते.

वेळ अमावस्येला नीलूला जाऊन वर्ष होईल. त्याच्या आत मला दोन उत्तरं हवीत.

पहिलं. गेल्या वर्षी प्लेगच्या साथीत अर्धं सोलापूर रिकामं झालं. मी ओली बाळंतीण, धाकटा जेमतेम पंधरा दिवसांचा. म्हणून सहा वर्षांची पोर मैनुद्दीनच्या बैलगाडीतून तुझ्याकडं पाठवली. आठव्या दिवशी तुझा निरोप आला. पोर आजारी असल्याचा नाही, पोर गेल्याचाही नाही, मातीला दिल्याचा. तीन दिवस ताप होता म्हणे. तीन दिवसांत मैंदर्गीहून सोलापूरला माणूस येत नाही? मी जन्म दिलेल्या पोरीचं तोंड मला का बघू दिलं नाहीस?

दुसरं. तिच्याबरोबर तिची वाकळ दिली होती, दोन परकर दिले होते, पायात चांदीचे वाळे होते. एक चिंधी परत आली नाही. विचारलं तर 'न्हाईत' म्हणालीस. कुठं गेले? कुणाच्या पोरीच्या पायात वाजतायत?

आणि एक सांगून ठेवते, कारण तुमच्या गावात काय बोललं जातं ते माझ्या कानावर येतं. पोर इथून निघाली तेव्हा खणखणीत होती. आमच्या घरात उंदीर पडला नव्हता. आळीत पडले असतील, समोरच्या खोलीत पडले असतील. आमच्यात नाही. हवं तर लिहून घ्या.

गिरणीचा भोंगा झाला. खाणावळीची सहा माणसं आता दारात येतील आणि भाकरी थापायच्या राहिल्यात. घरचे सध्या दिवसपाळीला आहेत. थोरल्याला खोकला, धाकट्याला दात, सासूबाईंना गुडघे. मला रडायला सवड मिळत नाही, म्हणून मी रागावते. राग भाकरी थापताथापता करता येतो.

चन्नम्मा


सोलापूर
मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी

चंद्रव्वाअक्का,

तुझं पत्र पोचलं. मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं आहे आणि मजकूर ताकासारखा. 'थंडी फार पडली आहे. मुलांस जपावे. एक वाकळ शिवावयास घेतली आहे, झाली की पाठविते.' संपलं. मी विचारलं काय आणि तू सांगतेस काय? वाळे कुठंयत विचारलं तर थंडी पडलीय.

कुठंतरी पाणी मुरतंय. एक तर मास्तर माझे प्रश्न तुला वाचून दाखवत नाहीत, नाहीतर दाजी शेजारी बसून काय लिहायचं ते सांगतात. तिसरं असं की तू सगळं ऐकलंस आणि मुद्दाम थंडीचं लिहवलंस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही.

मास्तर, खरंच सगळं वाचता ना? यापुढं मी प्रत्येक पत्रात अशी एक गोष्ट घालीन की जी फक्त अक्काला आणि मला माहीत. तिच्या चेहऱ्याकडं बघा. चेहरा हलला नाही तर समजेन की पत्र तिच्यापर्यंत पोचलंच नाही.

ही घे पहिली. आईच्या अंगणात वाकळ अंथरलेली. तू त्या काठाला, मी या काठाला. दोघी टाके घालत घालत मध्ये यायचो. मध्ये वीतभर जागा उरली की आई भाकरीचा तुकडा आत ठेवायची, कारण उपाशी वाकळीत ऊब धरत नाही. मग पोट मिटायचं. शेवटचे टाके धाकटीचे, म्हणून आई सुई माझ्या हातात द्यायची आणि तेवढ्यावरून तू रुसायचीस. एकटीनं शिवलेली वाकळ आपल्यात कुणी पांघरत नाही, असं आई म्हणायची. आता शीव एकटीच. मला तुझी वाकळ नको, मला माझ्या पोरीची वाकळ हवी.

काल घरच्यांनी जेवताना विचारलं, "पोर निगाली तवा तिचं अंग कोमट लागत व्हतं का गं? मला तसं काय तरी आठवतंय." वर्षभरानं आठवतंय. मी सांगितलं, चुलीपाशी बसली होती, लागलं असेल कोमट. ते जेवत राहिले, पण माझ्याकडं बघत होते. या घरातही आता माणसं माझ्याकडं बघतात.

पत्राला उत्तर पाठव. वाकळ नको.

चन्नम्मा


सोलापूर
मार्गशीर्ष वद्य दशमी

अक्का,

नको म्हटलं तरी पाठवलीसच.

परवा दुपारी मैनुद्दीन आला. ओट्यावर गाठोडं ठेवलं, "मैंदर्गीच्या अक्कानं दिलंय," एवढं म्हणाला आणि वळला. मी पाणी दिलं, घेतलं नाही. बस म्हटलं, बसला नाही. वर्षभर हा माणूस माझी नजर चुकवतोय. बाजारात मी दिसले की बैलांना पलीकडच्या गल्लीत घालतो. त्याच्याच गाडीतून माझी पोर गेली. त्याला काहीतरी ठाऊक आहे आणि ते तुलाही ठाऊक आहे. तुम्ही दोघं मिळून मला वेडी करताय.

वाकळ सोडली. वर तुझं लग्नातलं हिरवं इरकली. ते फाडलंस? ते तर तू हळदीकुंकवालाही नेसत नव्हतीस, जपून ठेवलं होतंस. तेव्हाच माझ्या मनात आलं, एवढं जिवाचं लुगडं कुणी उगीच देत नाही.

सगळी वाकळ बारीक, पांढऱ्या दोऱ्याची, तुझ्या हाताची. पण मध्ये वीतभर जागेत तांबडा दोरा, लांब लांब ढिले टाके, जणू कुणी घाईत काहीतरी कोंबून वरून झाकलं असावं. तिथं हात फिरवला तर आत कठीण गाठ लागली आणि त्याच वेळी बोटात सुई घुसली. तांबडा दोरा ओवलेली सुई, वाकळीतच खोचलेली. रक्त आलं.

सासूबाईंनी उंबऱ्यातूनच बघितलं. म्हणाल्या, "आत बिब्बा आसंल. सुई आन तांबडा दोरा. ही करणी हाय. लेकरास्नी हात लावू दिऊ नगंस." माझ्या सासूबाईंचं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

शेजारची सायराबानू पिंजारीण आहे. तिचा हात रोज कापसात असतो. ती म्हणाली, "अगं, उसवून तर बघ. न बघता कशाला बोंब मारतीस?" घरचे म्हणाले, "तुला समदीकडं भूतच दिसतंय. अक्का तसली न्हाय." सगळे तुझ्या बाजूचे. मी एकटीच वाईट.

तेव्हापासून ती वाकळ बाहेर तारेवर लटकतेय. इथं थंडी एवढी की पहाटे पाण्याच्या हंड्याला हात लावला की हात जळतो. धाकट्याची छाती घरघरते. माझी पोरं एका फाटक्या पटकुराखाली एकमेकांत शिरून निजतात आणि दारात तुझी नवी वाकळ वाऱ्यावर हलतेय. तुला हेच हवं होतं का?

तुला पोरबाळ नाही, म्हणून तू माझी पोर मागून मागून न्यायचीस. ती तुला दोडव्वा म्हणायची, थोरली आई; मला फक्त आव्वा. मला त्याचा राग यायचा. हे आधी कधी बोलले नव्हते. आता बोलते.

चन्नम्मा


सोलापूर
पौष शुद्ध प्रतिपदा

अक्का,

काल वेळ अमावस्या झाली. सगळे सगळ्यांच्या शेतात गेले, आंबील प्यायले, कडब्याच्या कोपीत पांडव पुजले. आमचं शेत नाही, पण घरचे दरवर्षी कुणाच्या तरी शेतात आम्हाला नेतात. यंदा मी गेले नाही. नीलूचं वर्ष. घर रिकामं होतं, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा. मग मी तारेवरून वाकळ काढली आणि कात्रीनं तो तांबडा दोरा कापला.

आत बिब्बा नव्हता, लिंबू नव्हतं. बाजरीच्या पिठाच्या उकडलेल्या उंड्याचा वाळलेला तुकडा निघाला आणि नीलूचा एक वाळा.

एकच. आणि काळा. खालच्या घुंगरावरून ओळखला, तो गोठ्यात दगडावर आपटून चेपला होता तिनं. मी तो पदरानं घासला, राखेनं घासला, काळेपणा जाईना. नुसत्या घामानं चांदी एवढी काळी पडत नाही. तो विस्तवातून काढलेला आहे.

आता सांग. लेकराचा वाळा विस्तवात का घातलास? मी सारा दिवस उंबऱ्यात बसून विचार केला. मेलेल्या माणसाचे कपडे आपण देऊन टाकतो. जाळतात ते एकाच वेळी, साथीतलं असेल तर. तू तिची वाकळ जाळलीस, परकर जाळलेस. म्हणजे तिला गाठ आली होती आणि तू मला 'ताप' म्हणून सांगितलंस.

मग ती गाठ आली कुठून? तुमच्याच घरातून. तुझ्या कोठीत उंदीर पडला असणार आणि तू लपवलंस. गावाला कळलं तर घर सोडावं लागेल, कडबा, दाणे, सगळं उघड्यावर टाकावं लागेल, म्हणून लपवलंस. बाईमाणूस असं करतं. मला ठाऊक आहे बाई असं करते. त्या लपवण्यापायी माझी पोर गेली. कबूल कर. एवढंच मागते, कबूल कर.

येत्या मंगळवारी मैनुद्दीन बाजारात शेंगा घेऊन येईल. या वेळी मी बैलांच्या पुढं उभी राहीन. बघते कुठल्या गल्लीत घालतो.

चन्नम्मा


सोलापूर
पौष शुद्ध नवमी

तीर्थरूप अक्काच्या चरणी धाकट्या चन्नीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मास्तर, मायना आहे तसा वाचा. आणि एक करा. हे पत्र घरात वाचू नका. बसवण्णाच्या देवळापुढच्या कट्ट्यावर माणसं बसतात तिथं उभं राहून, मोठ्यानं वाचा. अक्का नको म्हणेल. तिचं ऐकू नका. मी चार लोकांसमोर बोलले होते, तेव्हा हे चार लोकांना ऐकू गेलं पाहिजे.

मंगळवारी मी मैनुद्दीनला गाठलं. वाळा पुढं धरला. त्यानं तो हातात घेतला आणि गाडीच्या जुवापाशी खाली बसला. म्हणाला, "बाई, मी न बोलायची आन घेटलीया. पर आता ह्यो तुमच्या हातात आलाया, म्हंजी अक्कानंच सांगिटल्यागत झालं." मग त्यानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहिते.

"अक्कलकोटच्या अलीकडंच पोरीनं वकारी केली. अंग भाजत व्हतं. काखंत हात लावू दिना. मी मैंदर्गीच्या येशीभाईर गाडी थांबिवली आन अक्काला बोलिवलं. अक्कानं काख बघितली. मला म्हनली, 'गावात न्हेऊ नगंस मैनुद्दीन. वेळ अमावशेची कोप शेतात बांदलेलीच हाय, तितं चल.' पाच दिस त्या कडब्याच्या कोपीत दोगीच व्हत्या. दाजी बांदावर भाकरी ठिवून मागं फिरायचं. मी टोचून घेटलेलं, म्हनून मी पानी न्हेऊन द्यायचा. मी म्हनलं, चन्नीबाईस्नी सांगावा धाडतो. तर अक्का म्हनली, 'ती आली तर पोरीला उराशी धरल. तिच्या अंगावर पंदरा दिसाचं लेकरू हाय. एक चाललंच हाय, दुसरं नगं जायाला. आन घे.' घेटली."

मी विचारलं, वाळे? तो म्हणाला, "एक पोरीच्या पायात राहू दिला. दुसरा अक्कानं विस्तवात घालून धुवून ठिवला. म्हनली, चन्नीचं लेकरू मोठं झालं म्हंजी दीन."

मी उठायला लागले तर म्हणाला, "बाई, आनि एक हाय." आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "पोर तापात बडबडायची. सारकं तेच. 'दोडव्वा, उंदराचं सांगायचं न्हाय. आव्वानं सांगिटलंय.' आन अक्का म्हनायची, 'न्हाय सांगत बाळ. कुनालाच न्हाय सांगत.' आन तिनं न्हाय सांगिटलं, बाई. तुमी दारात एवडं बोल्लासा, तवाबी न्हाय."

अक्का, आता माझं. कट्ट्यावरची माणसं ऐकोत.

आमच्या घरात उंदीर पडला होता. सरपणामागं नीलूलाच तो सापडला. शेपटीला धरून माझ्या बाजेपाशी आणला आणि म्हणाली, "आव्वा, ह्यो उटतच न्हाय." मी बारा दिवसांची बाळंतीण. त्याच आठवड्यात सरकारी माणसांनी समोरच्यांच्या घराची कौलं उतरवली होती, सामान उन्हात टाकलं होतं आणि माणसं माळावरच्या झोपड्यांत नेली होती, थंडीत. बारा दिवसांचं पोर झोपडीत जगायचं नाही असं मला वाटलं. मला उठता येत नव्हतं. मी तिच्याच हातून तो फडक्यात गुंडाळून मागच्या गटारात टाकवला. आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून दटावलं. घरच्यांनाही नाही, खाणावळीतल्या माणसांनाही नाही. तिनं मान हलवली.

चौथ्या दिवशी तिचं अंग गरम लागलं. ती चुलीपाशी बसली नव्हती, अक्का. ते मला तेव्हाच कळलं होतं. मी मनाला सांगितलं की सर्दी असेल, दोडव्वाकडं गेली की बरी होईल. आणि तिची वाकळ तिच्याभोवती गुंडाळून तिला गाडीत बसवली.

वर्षभर मी तुझ्यावर जे जे घातलं ते सगळं माझं होतं. तुझ्या कोठीतला उंदीरही माझाच. तुला सगळं ठाऊक होतं आणि तू मला माझ्यापासून वाचवत बसलीस. माझ्या पोरीनं मरताना माझं गुपित पाळलं आणि तिच्यामागं तू पाळलंस. मी मात्र तुम्हा दोघींना चोर ठरवायला निघाले होते.

काल घरच्यांना सांगितलं. त्यांनी उठून दोन्ही हंडे भरून आणले, जे काम त्यांनी आजवर कधी केलं नाही. मग धाकट्याला घेऊन ओट्यावर उन्हात बसले. संध्याकाळी खाणावळीत सहाच्या सहा माणसांना सांगितलं. आज चार आली.

मैनुद्दीन निघताना म्हणाला की तू पोत्यावर निजतेस. घरातलं होतं नव्हतं तेवढं अंथरूण तू कोपीत नेलंस, तिथंच जाळलंस आणि वर्षभर नवं केलं नाहीस. केलीस ती एक वाकळ, ती माझ्या पोरांना पाठवलीस. तीसुद्धा पोट न मिटता. एकटीनं शिवलेली पांघरत नाहीत म्हणून शेवटचे टाके तू नुसते टाचले होतेस, दिसावेत म्हणून तांबड्या दोऱ्यानं, आणि सुई ओवून ठेवली होतीस, आई ठेवायची तशी, धाकटीसाठी. आईचं सगळं मीच तुला पत्रात लिहून पाठवलं होतं, आणि सुई टोचली तेव्हा मला करणी आठवली.

यंदा साथ नाही. वाकळ आठ दिवस कडक उन्हात घातली आहे आणि मैनुद्दीनबरोबर तुझ्याकडं परत पाठवते आहे. माझी पोरं एकमेकांत शिरून निजतात, त्यांना ऊब आहे. तू आधी पांघर. मग संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला ये, येताना घेऊन ये. नीलूचा वाळा उंड्याच्या नव्या तुकड्यासह परत पोटात ठेवला आहे. तिथंच राहू दे.

पोट मी अर्धंच मिटलं आहे. या काठाचे टाके माझे. वाकडे आलेत, हसू नकोस. त्या काठाचे तुझे. यंदा शेवट थोरलीनं करायचा. सुई तांबड्या दोऱ्यापाशीच खोचली आहे. जपून काढ. मला टोचली होती.

तुझी
चन्नी